शंभराचे पेट्रोल, पंधराशेचा पास

सकाळी साडेआठच्या सुमारास पुण्यातल्या कुठल्याही पेट्रोलपंपावर दहा मिनिटे उभे राहावे. रांगेतला दुचाकीवाला लिटरमध्ये बोलत नाही, हे लगेच लक्षात येते. ‘शंभरचं टाका’, ‘दोनशेचं टाका’ एवढेच शब्द ऐकू येतात. पंपावरचा मुलगा ‘शून्य बघून घ्या’ म्हणतो, गिऱ्हाईक रुपयांच्या आकड्याकडे पाहतो आणि पैसे देऊन निघून जातो. लिटरचा आकडा शेजारीच फिरत असतो, पण तिकडे फारसे कोणी बघत नाही. २०१० साली याच शंभर रुपयांत दीड लिटरहून अधिक पेट्रोल मिळत होते. आज लिटरही मिळत नाही. नोट तीच राहिली, पंपावर येण्याचे दिवस मात्र जवळ आले.

पेट्रोल महाग झाले की लोक बसने जातील, सायकल काढतील, निदान दोघे मिळून एका गाडीवर जातील, असे आपण गृहीत धरतो. प्रत्येक दरवाढीनंतर वर्तमानपत्रांतून तसे सल्लेही येतात. प्रत्यक्षात रस्त्यावरच्या दुचाकी कमी झालेल्या दिसत नाहीत. त्याची दोन कारणे नेहमी सांगितली जातात. एक म्हणजे लोकांना सवय लागली आहे, आळस भरला आहे. दुसरे म्हणजे पेट्रोल अजून पुरेसे महाग झालेले नाही. मला दोन्ही कारणे अपुरी वाटतात. कामावर जाणारा माणूस आळशी नसतो आणि हिशेबाला कच्चाही नसतो. त्याचा हिशेब आपण त्याच्या बाजूने मांडून पाहिलेला नाही, एवढेच. या लेखात तो मांडायचा आहे, आणि त्यासाठी उदाहरण पुण्याचे घेतले आहे.

भाव कुठे ठरतो

पेट्रोल दरवाढीचे राजकारण जुने आहे. १९७३ च्या ऑक्टोबरमध्ये अरब तेल उत्पादक देशांनी पुरवठा आवळला आणि काही महिन्यांत कच्च्या तेलाचा पिंपाचा भाव तीन डॉलरच्या आसपासून जवळपास बारा डॉलरवर गेला. त्याच वर्षी १२ नोव्हेंबरला अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले. तेव्हा भाव सरकार ठरवत असे, त्यामुळे निषेध कोणाचा करायचा हे स्पष्ट होते.

पुढे ती व्यवस्था टप्प्याटप्प्याने बदलली. जून २०१० मध्ये पेट्रोल आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेल सरकारी नियंत्रणातून मोकळे झाले. १६ जून २०१७ पासून देशभर रोजच्या रोज भाव बदलण्याची पद्धत सुरू झाली. कागदावर याचा अर्थ असा होता, की जगात तेल स्वस्त झाले तर इथेही स्वस्त मिळेल. अनुभव वेगळा आला. २०१४ च्या मध्यात शंभर डॉलरच्या वर असलेले तेल जानेवारी २०१६ मध्ये तीस डॉलरच्याही खाली गेले. त्या काळात पेट्रोलवरचे केंद्रीय उत्पादन शुल्क ९ रुपये ४८ पैशांवरून २१ रुपये ४८ पैशांपर्यंत वाढवत नेण्यात आले. २०२० साली करोनामुळे तेलाचा भाव कोसळला, तेव्हा हेच शुल्क ३२ रुपये ९८ पैशांवर गेले. पुढे नोव्हेंबर २०२१ मध्ये पाच आणि मे २०२२ मध्ये आठ रुपयांची कपात झाली. पण त्याआधी, मे २०२१ च्या अखेरीस, मुंबईत पेट्रोलने शंभरी ओलांडली होती आणि एप्रिल २०२२ मध्ये ते १२० रुपयांवर पोहोचले होते. निवडणुका जवळ आल्या की ‘रोज बदलणारे’ भाव महिनोन्‌महिने स्थिर राहतात, हेही आपण पाहिले.

राज्य सरकारचा मूल्यवर्धित कर वेगळा. पेट्रोल वस्तू व सेवा कराच्या बाहेर असल्याने प्रत्येक राज्याचा दर निराळा असतो. महाराष्ट्रात टक्केवारीच्या कराशिवाय लिटरमागे पाच रुपयांच्या आसपास अधिभारही आहे. आज पुण्यात लिटरला जे १०४ रुपयांच्या आसपास मोजावे लागतात, त्यांतले साधारण पंचेचाळीस रुपये केंद्र आणि राज्याचे कर आहेत. हा आकडा ध्यानात ठेवावा, पुढे लागणार आहे.

सायकलींचे शहर कसे बदलले

एके काळी पुण्याला सायकलींचे शहर म्हणत. खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना, पेठांमधली दुकाने, लष्करी कचेऱ्या आणि महाविद्यालये ही सारी ठिकाणे घरापासून चार-सहा किलोमीटरच्या आत होती. भोंगा झाला की कारखान्याच्या फाटकातून सायकलींचा लोंढा बाहेर पडे. लोक सायकल चालवत ते पर्यावरणाच्या प्रेमापोटी नव्हे. अंतर तेवढेच होते आणि स्कूटर मिळत नव्हती. १९७२ मध्ये बाजारात आलेल्या बजाज चेतकसाठी लोकांना वर्षानुवर्षे नंबर लावून थांबावे लागे, आणि ती स्कूटर पुण्याच्या आकुर्डीतच बनत होती.

दरम्यान शहर पसरत गेले. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, पाठोपाठ मोठे वाहन कारखाने आले. नव्वदीनंतर हिंजवडी, खराडी, मगरपट्टा इथे संगणक कंपन्या उभ्या राहिल्या. पेठेतला वाडा पडला, कुटुंब धायरीला, कात्रजला, वाघोलीला राहायला गेले, कामाचे ठिकाण दुसऱ्याच टोकाला राहिले. चार किलोमीटरचे बारा झाले, कुणाचे पंचवीस झाले. याच काळात बाराही महिने सहज हप्त्यावर मिळणारी, साडी नेसूनही चालवता येणारी, गिअर नसलेली स्कूटर आली. घरे लांब गेली आणि गाडी हातात आली, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडल्या. म्हणून ‘लोकांनी सायकल सोडली’ हे वाक्य अर्धेच खरे आहे. सायकलीला झेपणारे अंतरच शहराने मोडून टाकले.

बससेवा या पसरण्याच्या वेगाने वाढली नाही. पुण्याची पीएमटी १९५० ची, पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी १९७४ ची. २००७ मध्ये दोन्ही मिळून पीएमपीएमएल झाली. केंद्राच्या नागरी वाहतुकीच्या निकषांत चांगल्या सेवेसाठी दर हजार लोकसंख्येमागे ०.६ बस, म्हणजे लाखामागे ६० बस अपेक्षित आहेत. २०११ च्या जनगणनेत दोन्ही महापालिकांची लोकसंख्या मिळून साडेअठ्ठेचाळीस लाखांच्या आसपास होती. त्या जुन्या लोकसंख्येलाही सुमारे २,९०० बस लागल्या असत्या. आज लोकसंख्या बरीच वाढली आहे आणि ताफा दोन हजारांच्या आसपास आहे.

रुपयांचा हिशेब

आता एक उदाहरण घेऊ. धायरीतून शिवाजीनगरला कामावर जाणारा माणूस, एका बाजूचे अंतर १२ किलोमीटर. महिन्याचे २६ दिवस. स्कूटर लिटरला ४५ किलोमीटर देते. रोजचे २४ किलोमीटर धरले तर महिन्याला जवळपास १४ लिटर पेट्रोल लागते. १०४ रुपयांनी खर्च होतो साधारण १,४५० रुपये.

दुसऱ्या बाजूला दोन्ही महापालिकांच्या हद्दीतला पीएमपीएमएलचा महिन्याचा पास. तो १ जून २०२५ पर्यंत ९०० रुपयांना होता, आता १,५०० रुपयांना आहे. रोजचा पास ४० रुपयांचा होता, तो ७० झाला.

हे आकडे शेजारी ठेवले की एक बाब स्पष्ट दिसते. पास ९०० चा असताना पेट्रोल लिटरला ६४ रुपयांच्या वर गेले की या माणसाला बस स्वस्त पडत होती. पास १,५०० चा झाल्यावर ही सीमारेषा १०७ रुपयांवर गेली. म्हणजे पेट्रोलच्या दरवाढीने अनेक वर्षांत बसच्या पारड्यात जे टाकले होते, ते एका भाडेवाढीने एका दिवसात काढून घेतले. बससेवेची बाजूही समजून घ्यायला हवी. दहा-अकरा वर्षे भाडे वाढले नव्हते, खर्च मात्र दरवर्षी वाढत होता. पण प्रवाशाच्या खिशातून पाहिले तर परिणाम हाच होतो.

नवरा-बायको एकाच दिशेला कामाला जात असतील तर बसची बाजू आणखी लंगडी पडते. दोघे एका स्कूटरवर बसले तर पेट्रोल थोडेच जास्त लागते, महिन्याचे सोळाशे रुपये धरू. दोन पास मात्र तीन हजारांचे. म्हणजे ज्या प्रवाशांनी गाडी वाटून घेतली, त्यांना बस जवळपास दुप्पट महाग आहे.

इथेच पंपावरचे ‘शंभरचं टाका’ पुन्हा आठवते. स्कूटर शंभर-शंभर रुपयांनी चालवता येते. महिनाअखेरीला पन्नासचेही टाकता येते. पास मात्र एकरकमी पंधराशे मागतो. रोजचा पास काढावा तर २६ दिवसांचे १,८२० होतात. हातात रोजची कमाई येणाऱ्या माणसाला स्वस्त दर परवडत नाही, महागच परवडतो. किराणा दुकानातून पावशेर तेल नेणाऱ्याला हा न्याय चांगला ठाऊक आहे.

कोणी म्हणेल, स्कूटरचा खरा खर्च पेट्रोल नव्हे. गाडी लाखाची, दहा वर्षांनी वीस हजारांना विकली तरी वर्षाला आठ हजार झिजले. विमा, सर्व्हिसिंग, टायर, हेल्मेट हे सगळे वेगळे. महिन्याला हजार-बाराशे रुपये सहज आणखी जातात. हे बरोबरच आहे. पण गाडी दारात उभी असताना हा खर्च झालेलाच असतो. बसने गेलो म्हणून हप्ता थांबत नाही, विमा परत मिळत नाही. म्हणून दारात गाडी असलेला माणूस फक्त पेट्रोल मोजतो, आणि त्याच्या जागी तेच शहाणपणाचे आहे.

वेळेचा हिशेब

रुपयांपेक्षा मोठा हिशेब वेळेचा आहे. स्कूटरने हे अंतर गर्दीतही चाळीस मिनिटांत होते. बसने जायचे तर थांब्यापर्यंत चालणे, वाट पाहणे, प्रवास आणि पुढचे चालणे धरून सव्वा ते दीड तास लागतो. फरक एका बाजूला पाऊण तास धरू. दिवसाला दीड तास, महिन्याला ३९ तास.

आता पेट्रोल लिटरला दहा रुपयांनी वाढले, असे समजा. मोठीच दरवाढ, मोर्चे निघतील. आपल्या माणसाचा खर्च वाढतो १४ लिटर गुणिले दहा, म्हणजे १४० रुपये. हे १४० रुपये वाचवायला त्याने ३९ तास द्यावेत, असे आपण त्याला सुचवत असतो. तासाला साडेतीन-पावणेचार रुपये. या दराने स्वतःचा वेळ कोण विकेल? दरवाढीने रस्त्यावरची गर्दी का हटत नाही, याचे उत्तर मला या एका भागाकारात दिसते.

त्यातही वाट पाहण्याचा भाग निराळा समजून घ्यायला हवा. वीस मिनिटांनी एक बस असेल तर सरासरी दहा मिनिटे थांबावे लागेल, असे गणित सांगते. पण ते बस अंतराने आल्या तरच. वाहतुकीत पुढची बस अडकली की तिच्या थांब्यांवर माणसे वाढतात, चढायला वेळ लागतो, ती आणखी मागे पडते. मागच्या बसला माणसेच मिळत नाहीत, ती पुढे सरकत येते आणि शेवटी दोन्ही एकापाठोपाठ येतात. मग पुढची चाळीस मिनिटे काहीच नाही. साहेबाला वेळेवर तोंड दाखवायचे असलेला माणूस सरासरी धरून निघू शकत नाही. त्याला वाईटात वाईट दिवस धरून निघावे लागते. बसचा खरा वेळ म्हणून वेळापत्रकापेक्षा जास्त असतो.

बायकांचा हिशेब आणखी निराळा. कामावरून येताना पाळणाघर, भाजी, सासूबाईंचे औषध असे तीन थांबे असतात. पास असेल तर कितीही वेळा चढा-उतरा, हे खरे. पण प्रत्येक थांब्यावर पुन्हा वीस मिनिटे कोण थांबणार? मार्च २०१८ मध्ये पीएमपीएमएलने महिलांसाठी ‘तेजस्विनी’ बस सुरू केल्या, तो चांगला उपक्रम होता. गर्दीच्या त्रासावर ते उत्तर होते. वाट पाहण्याच्या त्रासावर उत्तर एकच, बस वाढवणे.

पर्याय एकेक करून

मेट्रोपासून सुरुवात करू. मार्च २०२२ मध्ये ती धावू लागली आणि २९ सप्टेंबर २०२४ ला स्वारगेटपर्यंत पोहोचली. आता पिंपरी ते स्वारगेट आणि वनाज ते रामवाडी असे दोन मार्ग आहेत, कमाल भाडे ३५ रुपये. आपल्या धायरीच्या माणसाला स्वारगेटपर्यंत बस आणि पुढे शिवाजीनगरपर्यंत मेट्रो असा मार्ग मोकळा झाला आहे. गर्दीचा मधला टप्पा मेट्रोने चुकतो. पण बसचा पास मेट्रोत चालत नाही, दुसरे भाडे लागते. आणि घर ते स्वारगेट हा टप्पा पुन्हा बसच्या भरवशावर. स्थानकापर्यंतची बस दर सात-आठ मिनिटांनी असेल तर मेट्रो उपयोगाची, नाहीतर स्थानकाखाली स्कूटर लावायला जागा शोधायची.

दुसरा पर्याय बससाठी राखीव मार्गिकेचा. देशातली पहिली बीआरटी डिसेंबर २००६ मध्ये पुण्यातच, कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर सुरू झाली. कल्पना बोगोटा शहराच्या धर्तीवरची. मात्र मार्गिका सलग राहिली नाही, चौकात बस पुन्हा सगळ्या गर्दीत मिसळायची. नगर रस्त्यावरचा भाग तर नंतर उखडला गेला. पिंपरी-चिंचवडच्या रुंद रस्त्यांवर तीच पद्धत अधिक चांगली चालली. बोगोटाकडून आपण मार्गिका घेतली, पण तिथला पैशांचा मार्ग घेतला नाही. तिथे पेट्रोलवरच्या स्थानिक अधिभाराचा ठरलेला हिस्सा या मार्गिका बांधायला गेला.

विजेची स्कूटर हा आज सर्वाधिक बोलला जाणारा पर्याय. चेतक हेच नाव जानेवारी २०२० मध्ये विजेच्या स्कूटरवर परत आले. आपल्या माणसाचे महिन्याचे अंतर तिला पंचवीसेक युनिटमध्ये जमते, म्हणजे अडीचशे-तीनशे रुपयांत. पेट्रोलच्या हिशेबात बचत खरी आहे. पण वाड्यातल्या भाडेकरूने आणि तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याने ती चार्ज कुठे करायची? सोसायटीच्या वाहनतळात मीटर कोणाच्या नावे? शिवाय ही स्कूटर रस्त्यावर तेवढीच जागा अडवते. पेट्रोलचा प्रश्न सुटतो, चौकातला सुटत नाही.

सायकल आजही सहा-सात किलोमीटरपर्यंत उत्तम. ताशी पंधराच्या वेगाने अर्ध्या तासाचा रस्ता. २०१७ च्या अखेरीस शहरात भाड्याच्या सायकली आल्या, रंगीबेरंगी रांगा लागल्या आणि दोन-तीन वर्षांत दिसेनाशा झाल्या. सायकली होत्या, त्यांना सुरक्षित सलग रस्ता नव्हता.

आणि एक पर्याय आपण विसरतो: कंपनीची बस. पिंपरी-आकुर्डीच्या मोठ्या कारखान्यांनी दशकानुदशके कामगारांना बसने नेले-आणले. कोपऱ्यावर ठरलेल्या मिनिटाला बस यायची आणि पाळीच्या वेळेशी जुळायची. अंतर लांब होते, तरी हजारो माणसे गाडीविना कामावर गेली. त्यांच्याकडे जे होते ते नेमकेपण. भाडे किती, हा प्रश्न नंतरचा.

लोक कधी बदलतात

१९७३ च्या त्याच तेलसंकटात नेदरलँड्समध्ये ४ नोव्हेंबरपासून काही रविवार मोटारींना बंदी होती. मुले महामार्गावर सायकली आणि स्केट्स घेऊन उतरली. तो उत्सव दोन-तीन महिन्यांत संपला, पेट्रोल पुन्हा मिळू लागले. तिथले लोक सायकलवर राहिले ते त्या रविवारांमुळे नव्हे. रस्त्यावर मुले मरतात म्हणून त्याआधीच पालकांची चळवळ सुरू झाली होती आणि पुढच्या दशकांत सरकारने सायकलसाठी वेगळे रस्ते बांधले. दरवाढीने दार उघडले. आत शिरल्यावर बसायला जागा होती, म्हणून लोक राहिले.

आपल्याकडे दार अनेकदा उघडले, आत जागा नव्हती. ती करायची तर पैसा कुठून, असा प्रश्न येतो. मघाचा आकडा आठवा. लिटरमागे पंचेचाळीस रुपये, चौदा लिटर. आपला धायरीचा माणूस महिन्याला सहाशे रुपयांहून अधिक कर फक्त कामावर जाण्यासाठी भरतो. जुन्या आणि नव्या पासमधला फरकही नेमका सहाशे रुपयांचा आहे. या करातला ठरावीक हिस्सा त्याच शहराच्या बससेवेला मिळावा, ही मागणी अवास्तव म्हणता येणार नाही.

दुसरा वाटेकरी मालक. फ्रान्समध्ये कामगाराच्या पासचा अर्धा खर्च मालकाने देण्याचे कायदेशीर बंधन आहे. आपल्याकडे अनेक कचेऱ्या पेट्रोलभत्ता देतात, फुकट वाहनतळ देतात आणि बसने येणाऱ्याला काहीच देत नाहीत. म्हणजे गाडी आणणाऱ्याला बक्षीस आणि न आणणाऱ्याला दंड. निदान दोघांना सारखे तरी वागवावे.

तिसरी गोष्ट घरातली. माणूस प्रवासाची पद्धत दरवाढीच्या दिवशी बदलत नाही. ती बदलते घर बदलताना, नोकरी बदलताना आणि विशेषतः मुलगा-मुलगी अठरा वर्षांची होऊन घरात दुसरी गाडी घ्यायची चर्चा निघते तेव्हा. पहिली गाडी दारात आहे, तिचा खर्च झालेला आहे. दुसरी अजून घेतलेली नाही. हप्ता, विमा, झीज असा सगळा खर्च वाचवण्याची संधी त्या एका संध्याकाळी असते. त्या संध्याकाळी घराजवळ दर दहा मिनिटांनी बस असेल, तर बाप मुलीला पास काढून देईल. नसेल तर लाखाचे कर्ज काढेल, आणि पुढची दहा वर्षे ती मुलगी पंपावर उभी राहून ‘शंभरचं टाका’ म्हणेल.

बदलाची जबाबदारी एकट्या प्रवाशावर टाकणे म्हणूनच मला अन्यायाचे वाटते. त्याचा हिशेब चोख आहे. चुकलेला हिशेब शहराचा आहे, आणि तो पेट्रोल आणखी महाग करून दुरुस्त होणार नाही. २०११ च्या जनगणनेने कामावर जाण्याचे साधन विचारले, तेव्हा देशात दुचाकीने जाणाऱ्यांपेक्षा पायी जाणारे जास्त निघाले होते. त्यांना पेट्रोलचा भाव पंपावर कळत नाही, मंडईत भाजीच्या दरातून कळतो. बस वाढल्या तर त्याचा पहिला उपयोग त्यांनाच होईल. दुचाकीवाले त्यांच्या मागोमाग येतील, आणि तेव्हा बसथांब्यावरच्या रांगेत त्यांना कोणी आळशी म्हणणार नाही.